पाचारणाला ‘नाही’ म्हणता येते का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे तरुण ख्रिस्ती मुलींची आहेत. एक परिचारिका आहे, एकीला धर्मभगिनी व्हायचे आहे आणि एकीला पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू. तिघींची गावे आणि मंडळ्या (चर्च) निराळ्या असल्या तरी अडचण एकाच ठिकाणी येऊन थांबते: पाचारणापाशी, म्हणजे देवाने एखाद्या सेवेसाठी बोलावले आहे या जाणिवेपाशी. म्हणून यावेळचे सदर या तीन पत्रांनाच दिले आहे. जागेअभावी पत्रे थोडी कमी केली आहेत, आणि नावे अर्थातच छापलेली नाहीत.

पत्र पहिले

प्रिय मावशी, सप्रेम सलाम.

मी 26 वर्षांची असून मूळची अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खेड्यातली आहे. आमचे घराणे चार पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. बी.एस्सी. नर्सिंग झाल्यावर गेली 4 वर्षे मी नंदुरबार जिल्ह्यातील एका मिशन रुग्णालयात काम करते. शिक्षणानंतर ठरावीक काळ काम करण्याच्या बाँडची मुदत केव्हाच संपली, पण इथल्या बायाबापड्यांचा लळा लागला म्हणून राहिले. आता मात्र थकवा येतो. आठवड्याची सुट्टी बहुधा रद्द होते, रात्रपाळीनंतर आरोग्य शिबिराला जावे लागते, आणि रविवारची शाळा व गायकवृंद माझ्याकडेच आहेत. तक्रार केली की ‘ही नोकरी नव्हे, सेवा आहे, तुला पाचारण आहे ना?’ असे उत्तर मिळते. प्रार्थनेला बसले की डोळा लागतो आणि मग अपराधी वाटते.

दुसरे असे की, दोन महिन्यांपूर्वी एका बाळंतिणीच्या आईने ‘ताई, तुमच्या देवाजवळ मागा’ म्हटले, म्हणून मी खाटेजवळ प्रार्थना केली. शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या नातलगाने मोबाइलवर चित्रण केले आणि ‘इथे धर्म बदलतात’ अशी गावात कुजबुज झाली. तेव्हापासून हात जोडतानासुद्धा मी आधी मागे वळून पाहते.

तिसरे म्हणजे, मैत्रिणीच्या ओळखीने जर्मनीतील नोकरीचे विचारणे आले आहे. माझ्या शिक्षणासाठी वडिलांनी काढलेले कर्ज अजून फिटलेले नाही. मंडळीतील वडीलधारे म्हणतात की हा पैशाचा मोह आहे, आणि गरिबांना टाकून जाणाऱ्याला देव आशीर्वाद देत नाही. मी काय करावे?

उत्तर

तुझे पत्र मी दोनदा वाचले, कारण यातल्या पहिल्या परिच्छेदाची बरीच वाक्ये तीस वर्षांपूर्वी मीही कुणाला तरी लिहिली होती. पुढे मी मेट्रन, म्हणजे परिचारिकांची प्रमुख, झाले आणि ‘ही नोकरी नव्हे, सेवा आहे’ हे वाक्य माझ्याही तोंडून मुलींना ऐकवले गेले, हेही कबूल करायला हवे. हे वाक्य बहुधा ड्यूटी चार्टमध्ये माणसे कमी पडली की आठवते. चार्ट भरलेला असताना कुणी कुणाला पाचारणाची आठवण करून दिल्याचे मी पाहिलेले नाही.

प्रार्थनेत डोळा लागतो याचा अपराध मानू नकोस. बायबलमधील ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली पडून ‘आता पुरे’ म्हणतो, तेव्हा देवदूत त्याला ना उपदेश करतो ना त्याच्या विश्वासाची परीक्षा घेतो. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवतो. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घालतो. ‘तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न त्याला चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर विचारला जातो. आपल्याकडे हा क्रम उलटा झाला आहे: आधी प्रश्न, आणि भाकर उरली तर.

विसाव्याची आज्ञा बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात ज्या शब्दांत येते तेही एकदा वाचून पाहा. तिथे दास, दासी, बैल आणि गाढव यांची नावे घेऊन विसावा सांगितला आहे, आणि दासदासींना धन्यासारखाच विसावा मिळावा असे कारणही दिले आहे. बैलाला शास्त्राने दिलेली सुट्टी स्टाफ नर्सला देताना मिशनच्या रुग्णालयाने अवघडून जाऊ नये. तेव्हा सुट्टी तोंडी मागू नकोस. रद्द झालेल्या सुट्ट्यांच्या तारखा एका कागदावर लिहून, त्यांच्या बदली सुट्ट्या केव्हा मिळतील असे विचारणारा सभ्य अर्ज प्रशासनाला दे आणि त्याची पोच घे. रविवारची शाळा किंवा गायकवृंद यांपैकी एक काम तीन महिन्यांसाठी दुसऱ्या कुणाकडे सोपव. मोशेला त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, हेच सांगितले होते: एकटा लोकांचा न्याय करत बसलास तर तूही झिजशील आणि लोकही. मोशेने ते ऐकले, आणि त्यामुळे त्याचे पाचारण कमी झाले असे कुठे लिहिलेले नाही.

आता खाटेजवळच्या प्रार्थनेविषयी. इथे माझे मत तुला कदाचित थोडे कडक वाटेल. राज्यघटनेच्या कलम 25 प्रमाणे आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. 1977 साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. एका आईने स्वतःहून मागितलेली प्रार्थना म्हणजे धर्मांतर नव्हे, त्यामुळे तू काही गुन्हा केलेला नाहीस. पण कायदा बाजूला ठेवूनही आपल्या पेशाने एक गोष्ट पाळायची असते. रुग्ण खाटेवर असतो आणि इंजेक्शन आपल्या हातात असते. अशा माणसाला आपण आपणहून ‘प्रार्थना करू का?’ असे विचारले, तर त्याला ‘नको’ म्हणणे जड जाते. आणि जड जाते म्हणूनच त्याचा होकार पुरेसा मानता येत नाही. प्रभू येशूकडे आलेल्या बार्तीमयाचे आंधळेपण साऱ्या यरीहो गावाला दिसत होते, तरी ‘मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे?’ असे त्याला विचारले गेले. जमावाने गप्प बसवलेल्या माणसाला स्वतःची इच्छा स्वतःच्या तोंडाने सांगण्याची मुभा मिळाली.

आमच्या वॉर्डात पुढे आम्ही एक रीत पाडली आणि ती उपयोगी पडली. प्रार्थना फक्त रुग्णाने किंवा त्याच्या जवळच्या नातलगाने मागितली तरच करायची. औषध देताना, कळा सुरू असताना किंवा शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही घेताना कधीही नाही. आणि शक्य असेल तर ती ड्यूटीवरील परिचारिकेने न करता रुग्णालयाच्या चॅप्लेनने (तिथल्या पाळकाने) किंवा ड्यूटी संपलेल्या कुणी करायची. वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरला ते माहीत असायचे. कुणी आपल्या कुलदैवताचा अंगारा लावायला आणला, तर जखमेपासून दूर लावा एवढेच आम्ही सांगत असू. तुझ्या रुग्णालयात अशी लेखी रीत नसेल तर ती करून घे. कुजबुज थांबवायला त्याचा उपयोग होईल आणि तुझी मागे वळून पाहण्याची सवयही मोडेल. मनातल्या मनात करायच्या प्रार्थनेला मात्र कुणाच्या परवानगीची गरज नाही. सलाइनचे थेंब मोजताना माझ्या कितीतरी प्रार्थना झाल्या आहेत.

राहिली जर्मनी. ‘गरिबांना टाकून जाणारी’ हा शब्दप्रयोग ज्यांनी केला त्यांनी मार्काच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय शेवटपर्यंत वाचलेला दिसत नाही. कफर्णहूमात दारापाशी सारे गाव लोटले होते. पहाटे प्रभू एकांतात प्रार्थनेला गेले, शिष्य शोधत आले आणि म्हणाले की सर्व लोक आपला शोध करत आहेत. त्यावर प्रभूंनी दुसऱ्या गावांकडे जाऊ असे सांगितले. कफर्णहूमचे सगळे रोगी त्या दिवशी बरे झाले होते म्हणून ते निघाले, असे तिथे म्हटलेले नाही.

आणि वडिलांच्या कर्जाविषयी. मार्काच्याच सातव्या अध्यायात ‘कुर्बान’ हा शब्द आहे. आईबापांना द्यायचे ते देवाला अर्पण केले असे म्हणून जे हात झाडून मोकळे होतात, त्यांना प्रभूंनी फार तिखट शब्द वापरले आहेत. तुझ्या वडिलांचे कर्ज फेडण्याची इच्छा हा मोह नाही. मोह कुठे असू शकतो तेही सांगते: अपमानाचा सूड म्हणून राजीनामा फेकणे, किंवा परदेशी नोकरीला ‘देवाने दार उघडले’ असे नाव देऊन चौकशीच न करणे, यात.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंचे नाव त्यागासाठी घेतले जाते, पण त्यांच्या आयुष्यातील एक भाग व्यासपीठावरून फारसा सांगितला जात नाही. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा वैद्यकीचे शिक्षण घेण्याचा त्यांचा विचार होता. कानाच्या दुखण्यामुळे ते जमले नाही. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या वाँटेज या गावी त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत आणि संस्कृत शिकवत राहिल्या. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांनी पत्रांतून जो वाद घातला तो आजही वाचण्यासारखा आहे. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटून लगेच दुसऱ्या जोखडाखाली मान द्यायची माझी तयारी नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांनी आसरा दिला त्यांनाच ही पंचविशीतली विधवा असे सुनावत होती, आणि तरीही त्यांच्यावरचे तिचे प्रेम आटले नव्हते. 1886 मध्ये त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या, तिथे त्यांनी पुस्तक लिहिले, व्याख्याने दिली, निधी जमवला, आणि 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. केडगावचे मुक्ती मिशन त्यानंतरचे. समुद्रापलीकडे घालवलेल्या वर्षांना तेव्हाही लोक पळून जाणे म्हणतच होते.

तुला व्यवहाराचे दोन शब्द. परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळवण्यासाठी जर्मनीत साधारणपणे बी-टू पातळीपर्यंतची, म्हणजे अडखळत नव्हे तर सहज बोलता येईल इतकी, भाषा लागते, आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्या मुलीला त्यासाठी निदान एक वर्ष धरावेच लागते. म्हणजे आज काहीच ठरवायचे नाही. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात भाषेची पहिली पातळी देऊन बघ. शब्दांचे लिंग पाठ करताना जीव रमला तर पुढे जा. एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहून घे. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच शुल्क घेता येते. त्याहून जास्त मागणाऱ्याला, तो कितीही ‘ब्रदर’ म्हणवत असला तरी, नमस्कार कर. मूळ प्रमाणपत्रे कुणाच्याही हवाली करू नकोस. आणि महत्त्वाचे म्हणजे, आधी राहिलेल्या सुट्ट्या घे, घरी जा, आईच्या हातचे खा. त्यानंतरही नंदुरबारला राहावेसे वाटले तर राहा. वाटले नाही तर राजीनाम्याची मुदत पाळून, रविवारच्या शाळेतील मुलांचा नीट निरोप घेऊन जा. मला विचारशील तर, तू जाशील असे मला वाटते आणि त्यात मला काही गैर दिसत नाही.

पत्र दुसरे

आदरणीय मावशी,

मी वसईच्या एका गावातील 22 वर्षांची कॅथलिक मुलगी आहे. बी.कॉम. झाले असून एका खासगी कंपनीत हिशेबाचे काम करते. शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरांमुळे लहानपणापासून मनात आहे की आपणही व्रते घेऊन धर्मभगिनी व्हावे. मी एकुलती एक आहे. आई रडते, बाबा बोलत नाहीत. एकदा मठात गेलीस की परतीची वाट नाही, वाडीचे आणि आमच्या म्हातारपणाचे काय, असे ते विचारतात. हा स्वार्थ आहे का?

उत्तर

मी प्रॉटेस्टंट मंडळीतील आहे, त्यामुळे तुझ्या पत्रातील तपशील मी माझ्या एका जुन्या सहकारी सिस्टरकडून तपासून घेतला. ती पन्नास वर्षे व्रतस्थ आहे, आणि तुझे पत्र ऐकून तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘मुलीला हिशेब आवडतो का?’ मठातही हिशेब लिहायला माणूस लागते, आणि हिशेबाला कंटाळून मठात येणाऱ्या मुली तिने पाहिल्या आहेत.

बाबांना सांगण्यासारखी गोष्ट अशी की परतीची वाट नाही ही समजूत चुकीची आहे. कॅथलिक चर्चचा 1983 चा कायदासंग्रह याबाबत पुष्कळ सावध आहे. उमेदवारीचा काळ संपल्यावर नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांपूर्वीचा प्रशिक्षणाचा काळ, असते, ते निदान 12 महिन्यांचे असावे लागते, आणि त्या काळात नोव्हिसला (प्रशिक्षणार्थी मुलीला) केव्हाही निघून जाता येते. त्यानंतरची पहिली व्रते तात्पुरती असतात. त्यांची मुदत 3 वर्षांपेक्षा कमी नसते आणि सामान्यतः 6 वर्षांपेक्षा जास्त नसते. ती मुदत संपली की घरी परतण्यास मुलगी मोकळी असते. दबावाखाली, भीतीने किंवा फसवणुकीने घेतलेली व्रते वैधच ठरत नाहीत. म्हणजे आज तू दारात पाऊल ठेवलेस तरी कायमची व्रते घेईपर्यंत तुझी तिशी जवळ येईल, आणि एवढा विचार करायला लावणारी दुसरी संस्था मला ठाऊक नाही. लग्न ठरवताना आपण मुलीला साखरपुडा ते बोहले यांत किती महिने देतो, हे बाबांना हळूच विचारून बघ.

वाडीचा प्रश्न खोटा नाही. वसईत जमिनीच्या किमती काय झाल्या आहेत ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. भारतीय ख्रिस्ती लोकांना 1925 चा वारसा कायदा लागू आहे आणि त्यात मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखा आहे, त्यामुळे मृत्युपत्राशिवाय बाबा गेले तर आईच्या एक तृतीयांशानंतरचे सारे तुझ्याकडे येईल. व्रतस्थ होणाऱ्याने पहिल्या व्रतांपूर्वी आपल्या मालमत्तेची व्यवस्था कोण पाहील हे ठरवावे आणि कायमच्या व्रतांपूर्वी मुलकी कायद्यात टिकेल असे मृत्युपत्र करावे, असा चर्चचा नियम आहे. याचा अर्थ वाडीचे काय करायचे हे ठरवायला तुम्हा तिघांना बरीच वर्षे हातात आहेत, आणि ते बाबांनी हयात असताना वकिलासमोर लिहून ठेवणे सर्वांत चांगले. ज्या संघात जायचे त्या संघाच्या प्रमुखांना स्पष्ट विचार: आईवडील आजारी पडले तर घरी किती दिवस राहता येते, एकुलत्या मुलीसाठी काही निराळी सवलत आहे का? या प्रश्नाने ज्या सिस्टर नाराज होतील त्यांच्या संघात जाऊ नकोस.

स्वार्थ आहे का, हे मी इथून सांगू शकत नाही. पण बाबांचे मौन म्हणजे नकार असे समजू नकोस. त्यांना एका रविवारी मिस्सा (उपासना) झाल्यावर त्या मठात घेऊन जा आणि तिथल्या सत्तरीपुढच्या सिस्टरांशी त्यांची गाठ घालून दे. तरुण सिस्टर गाणी म्हणून दाखवतात. म्हाताऱ्या सिस्टर खरे सांगतात.

पत्र तिसरे

मी पुण्यात राहते, 24 वर्षांची आहे आणि आमच्या मंडळीच्या तरुण संघाची सचिव आहे. मला पाळक व्हायचे आहे. ‘पाळकाची बायको हो, तेच तुझे पाचारण,’ असे काही जण हसत म्हणतात. बाई पाळक होऊ शकते का?

उत्तर

होऊ शकते. तुझी मंडळी उत्तर भारतीय चर्चमध्ये असेल, म्हणजे 1970 साली नागपुरात ज्या सहा चर्चचे एकीकरण झाले त्यात, तर तिथे स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा दिली जाते. दक्षिण भारतीय चर्चने पहिल्या स्त्रीला 1976 साली दीक्षा दिली आणि 2013 साली एक स्त्री बिशपही झाली. कॅथलिक आणि काही स्वतंत्र मंडळ्यांत मात्र ही वाट बंद आहे, म्हणून तुझी मंडळी कोणती यावर बरेच अवलंबून आहे.

हसणाऱ्यांना एवढेच विचार की आपल्या आज्या-पणज्यांना वाचायला कुणी शिकवले. पुरुष प्रचारकाला ज्या घरांचा उंबरा ओलांडता येत नव्हता तिथे बायबलबाया, म्हणजे घरोघर बायबल शिकवणाऱ्या स्त्रिया, जात असत. तुटपुंज्या पगारावर, उन्हातान्हात, हातात पुस्तक आणि कधी औषधाची पिशवी घेऊन. त्यांना मंडळीत व्यासपीठ नव्हते, पण काम पाळकाचेच होते. पदाविना काम करून घेण्याची सवय मंडळीला तेव्हापासून लागली आहे, आणि खरी अडचण तुला व्यासपीठावर येणार नाही, ती कमिटीच्या खोलीत येईल. उपदेश सगळे कौतुकाने ऐकतील. इमारत निधीचा हिशेब मागितलास की तू बाई आहेस हे त्यांना आठवेल.

शिक्षणासाठी तुला गाव सोडण्याची गरज नाही. युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशास्त्र शिकवणारी संस्था 1983 साली यवतमाळहून पुण्यातच आली आहे. मात्र प्रवेश घेण्याआधी दोन गोष्टी कर. बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) झाल्यावर तुझा धर्मप्रांत तुला दीक्षेसाठी उमेदवार म्हणून स्वीकारील का, हे बिशपसाहेबांच्या कार्यालयाकडून लेखी घे. पदवी हातात असूनही आयुष्यभर ‘महिला कार्यकर्ती’ म्हणूनच राबलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. आणि मंडळीच्या कमिटीचे शिफारसपत्र मागताना तारखेसह ठराव करून माग, कारण तोंडी दिलेला शब्द पुढच्या निवडणुकीत कमिटी बदलली की कुणालाच आठवत नाही.